आग्नेय कोपऱ्यातलं तिसरं झाकण

आमच्या वरच्या मजल्याच्या छताचा एक नकाशा माझ्याकडे आहे. आलेखाच्या कागदावर, एका फुटाला एक सेंटिमीटर या मापाने मी स्वतः काढलेला. निळ्या रेघा विजेच्या, हिरव्या रेघा स्पीकरच्या. सहा गोल म्हणजे छतातले सहा स्पीकर. तीन चौकोन म्हणजे तीन जंक्शन बॉक्स, जिथे वायरींचे जोड येतात. असे कागद करायची मला सवय आहे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटरचे आकडे तपासण्यात माझी इतकी वर्षं गेली, त्यामुळे जे मोजलं नाही ते झालंच नाही असं मला वाटतं. घरात त्यावरून थट्टा होते. या नकाशाने पुढे माझीच चूक दाखवली, म्हणून तो जपून ठेवला आहे.

आम्ही माधव नगरात राहतो. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर वरच्या मजल्याच्या चार खोल्या रिकाम्या पडल्या. तिथे होमस्टे करायचं बायकोने ठरवलं. महाराष्ट्रातून दर्शनाला येणारी मंडळी लॉजमध्ये उतरतात आणि वरण-भातासाठी गावभर फिरतात, हे ती वर्षानुवर्षं बघत होती. माझ्या आईच्या आजारपणात तिने शाळेतली नोकरी सोडली होती. आई चार वर्षांनी गेली, आणि शाळेने काही तिला परत घेतलं नाही. होमस्टे हे तिचं स्वतःचं काम होणार होतं. नाशिकच्या अकरा जणांच्या एका गटाला तिने शब्दही देऊन टाकला होता: श्रावणातल्या पहिल्या सोमवारी या, खोल्या तयार असतील.

मात्र नोंदणी झाल्याशिवाय पाहुणे ठेवता येत नाहीत, आणि नोंदणीआधी दोन तपासण्या असतात. खोल्या, खिडक्या, न्हाणीघरं बघायला एकजण येतं, वायरिंग बघायला दुसरं.

स्पीकर लावायची कल्पना माझी. बायकोचा उजवा गुडघा दुखतो. खालून वर एकोणीस पायऱ्या आहेत, प्रत्येक सात इंचांची. बांधकाम चालू असताना एका सकाळी मी मोजलं तर दोन तासांत ती नऊ वेळा वर गेली होती. पाहुणे आल्यावर "चहा झाला", "रिक्षा आली" एवढं सांगायला तिने रोज वर-खाली करायचं हे मला पटेना. माइक खाली, स्पीकर वर. बोलायचं काम वडिलांनी आपणहून मागून घेतलं. वय एक्क्याऐंशी, पण स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून, माइकवर गाड्यांच्या सूचना देऊन कमावलेला आवाज अजून तसाच आहे.

पहिल्याच चाचणीला ते माइकमध्ये म्हणाले, "कृपया ध्यान द्या. खोली क्रमांक दोनमधल्या मंडळींसाठी पोहे थोड्याच वेळात येत आहेत."

बायको वरून ओरडली, "बाबा, पोहे आहेत, गाडी नव्हे!"

"उशीर झाला तर तेही सांगेन," ते माइकमधूनच म्हणाले.

वायरिंगचा मिस्त्री फ्रीगंजमधल्या दुकानातून आणला होता. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. माझा नकाशा त्याने दोन मिनिटं उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बाबूजी, सब है इसमें. बस, पंखे के हुक नहीं हैं." मी तिथल्या तिथे पेन्सिलने हुक काढले. पुढे मात्र तो माझ्या मापांवरून एक इंचही हलला नाही. मूळ छत दहा फूट चार इंचांवर, त्याखाली नऊ इंच सोडून पीओपीचं छत. स्पीकरची वायर विजेच्या पाइपापासून एक फूट लांब ठेवायची, म्हणजे घरघर येत नाही. हे अंतर सगळीकडे राखलं. फक्त जेवणाच्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात बीम आडवा आल्यामुळे ते चार इंचच उरलं. मी नकाशावर तसं लिहून ठेवलं: "जं. ३, अंतर ४ इंच, कारण बीम."

प्रत्येक जंक्शनखाली छतात एक फूट चौरस झाकण ठेवायचं, असा नियम आहे. जोड कधीही उघडून बघता आला पाहिजे. मिस्त्रीने तिन्ही ठिकाणी झाकणं बसवली. मग मेगर लावला. वायरीवरचं प्लास्टिक वीज किती धरून ठेवतं ते मोजणारं हे यंत्र. कमीत कमी एक मेगओम यावा लागतो. आमचा काटा दोनशेच्या पुढे गेला. मी आकडा आणि तारीख वहीत लिहिली.

त्यानंतर वास्तुशांत झाली.

मुहूर्त तपासणीच्या अकरा दिवस आधीचा होता. इंदूर-देवासहून नातेवाईक आले, वर शेणाने सारवलेल्या पाटावर होम झाला. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची, ही आपली रीत. खालचं घर बांधलं तेव्हा तशी पुरलीही होती. वरच्या मजल्यावर खणणार कुठे? स्लॅबला खड्डा कसा घेणार? गुरुजी म्हणाले, "पाय लागणार नाहीत अशा जागी, आग्नेयेला, उंचावर ठेवा." वडील म्हणाले, "छताच्या वर ठेव आणि पक्कं बंद कर. एकदा बसवला की घर आहे तोवर हलवत नाहीत."

मी फोनमधल्या होकायंत्राने दिशा पाहिली. एकशे बत्तीस अंश आली, शुद्ध आग्नेयेपेक्षा तीन अंशांनी कमी. मी ते गुरुजींना सांगितलंही. ते म्हणाले, "तीन अंशांचं वास्तुपुरुष बघून घेतील. तुम्ही चढा."

सोवळ्यात, उघड्या अंगाने मी शिडीवर चढलो. तांब्याचा एक डबा माझ्या हातात दिला गेला. सहा इंच लांब, आत प्रतिमा, सप्तधान्य आणि शेवाळाचा ओला गोळा. तिसऱ्या झाकणातून मी हात आत घातला. खाली गुरुजींचे मंत्र चालू होते, बायकोने माझ्या दुसऱ्या हाताला हात लावला होता, धुराने डोळे चुरचुरत होते. आत चाचपून एक सपाट जागा मिळाली तिथे मी डबा ठेवला. नंतर पीओपीवाल्याने ते झाकण लुकणाने भरून घासलं आणि वर रंग मारला. संध्याकाळी बघितलं तर झाकण कुठे होतं तेही कळत नव्हतं. मला समाधान वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वडील म्हणाले, "जेवणाच्या खोलीतला स्पीकर घरघरतो आहे." मी म्हटलं, "माइक तोंडाजवळ धरता म्हणून." ते म्हणाले, "चाळीस वर्षं धरला." मी विषय तिथेच सोडला.

तपासणीला दोघे एकाच दिवशी आले. खोल्या बघायला एक मॅडम, वायरिंग बघायला एक साहेब. मॅडमनी खिडक्यांची मापं घेतली, आग विझवायचं सिलिंडर उचलून त्यावरची तारीख पाहिली, न्हाणीघरातली घसरण पायाने तपासली आणि म्हणाल्या, "मेरी तरफ से सब ठीक." बायकोने लगेच पोहे आणले, वर शेव, बाजूला लिंबू.

साहेबांनी माझा नकाशा टेबलावर पसरला.

"ये किसने बनाया?"

"मैंने."

"इंजीनियर हैं?"

"नहीं साहब. पानी के मीटर की रीडिंग जाँचता हूँ."

"तभी," ते म्हणाले. कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही.

ते नकाशा हातात धरूनच फिरले. बोर्ड बघितला, अर्थिंग बघितलं, गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं बटण दाबून बघितलं. पहिल्या जंक्शनचं झाकण उघडायला लावलं, दुसऱ्याचं उघडायला लावलं. मग जेवणाच्या खोलीत येऊन कोपऱ्यात वर पाहिलं, नकाशात पाहिलं, परत वर पाहिलं.

"नक्शे में तीन हैं. ढक्कन दो ही हैं."

वडील खुर्चीत बसले होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "वहाँ वास्तुपुरुष बिराजमान हैं, साहब. एक बार बैठा दिए तो उठाते नहीं."

साहेबांनी चप्पल काढलेलीच होती. त्यांनी हात जोडले आणि कपाळाला लावले. "अच्छा, तो फिर मत छेड़िए. रीडिंग ले लेता हूँ, उसी से पता चल जाएगा."

त्यांनी बोर्डवर मेगर लावला आणि त्या खोलीचा आकडा वाचला, "एक दशमलव चार. एक से ऊपर है. पास." आणि खिशातून पेन काढलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता. दारामागे, नाशिकचे लोक येणार म्हणून शिवून घेतलेल्या अकरा उश्यांचे अभ्रे इस्त्री करून ठेवलेले होते.

मी मात्र आकड्यात अडकलो होतो. एक दशमलव चार. अकरा दिवसांपूर्वी दोनशेच्या वर. वायर तीच, खोली तीच, मधे पाऊस नाही, गळती नाही. अकरा दिवसांत त्या खोलीत नवीन काय झालं? आणि मग माझ्या बोटांना आठवलं. डबा ठेवताना त्या सपाट जागेवर मला चार स्क्रू लागले होते, चार कोपऱ्यांना चार. ती सपाट जागा म्हणजे जंक्शन बॉक्सचं झाकण होतं. सहा इंच लांब तांब्याचा डबा, आत ओलं शेवाळ, एक टोक विजेच्या जोडावर आणि दुसरं चार इंचांवरच्या स्पीकरच्या जोडावर. घरघर तिथूनच येत होती.

मी गप्प बसलो असतो तर कागद त्याच दिवशी पुढे गेला असता. आकडा नियमात होता, खोटं काहीच लिहिलं जाणार नव्हतं. हे मी आजही मान्य करतो.

मी म्हणालो, "साहब, मत लिखिए." आणि सगळं सांगितलं. डबा, शेवाळ, स्क्रू, दोनशे.

साहेबांनी पेन तसंच धरून ठेवलं. "भाईसाब, मैं पास कर रहा हूँ और आप फ़ेल होना चाहते हैं?"

"उसके ठीक नीचे खाने की मेज़ लगेगी, साहब."

त्यांनी एकदा छताकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं. "अब आपने बता दिया, तो मैं लिख भी नहीं सकता. खोलिए, ठीक करवाइए, हम दोबारा आएँगे."

"कब?" हे बायकोने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "अब तो राखी के बाद ही. सोमवार से सावन की ड्यूटी लग जाएगी सबकी."

इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यामुळे आपला पहिला सोमवार तो या गावाचा तिसरा, आणि राखी त्यानंतरची. म्हणजे नाशिकचे लोक येणार तेव्हा हातात नोंदणी नसणार. हा हिशेब बायकोनेही तिथे उभ्या-उभ्याच केला. तपासनीस गेल्यावर तिने पोह्यांच्या बश्या उचलल्या. एकीला हातही लागला नव्हता.

"तुमचा आकडा खरा ठरला," ती म्हणाली, "आणि माझा शब्द खोटा."

वडील माझ्यावर वेगळ्याच कारणाने चिडले होते. "बाहेरच्या माणसासमोर सांगायची काय गरज होती? आणि आता वास्तुपुरुषाला हलवणार?"

"बाबा, तो वायरीवर बसला आहे."

"तूच बसवलास."

मी गुरुजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मी उंचावर म्हटलं होतं. वायरवर म्हटलं नव्हतं." मग वडिलांना म्हणाले, "काका, चूक झाली तर क्षमा मागून जागा बदलता येते. मी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण यावेळी जागा आधी मिस्त्रीला दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. मेन स्विच बंद केला आणि तो दोनदा तपासला. पीओपी कापताना जेवणाच्या खोलीत पांढरी धूळ झाली. शिडी बायकोने धरली होती. मी धरतो म्हटलं तर ती म्हणाली, "मला बघायचं आहे."

मी हात घालून डबा काढला आणि खाली गुरुजींच्या ताटात ठेवला. डब्याच्या बुडाला ओल होती. मिस्त्रीने टॉर्च धरली. जंक्शनच्या झाकणावर हिरवट डाग पसरला होता. एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत उतरलं होतं आणि जोडावरची टेप सुटून फुगली होती. त्याने ती चिमट्याने धरून आम्हाला दाखवली.

"बाबूजी, बारिश लगती ना, तो ये बचता नहीं," तो म्हणाला. "और ढक्कन मैंने दिया था, बंद मैंने नहीं करवाया."

"बंद मी करायला लावलं," वडील म्हणाले. ते कधी येऊन दारात उभे राहिले होते, आम्हाला कळलं नव्हतं. "पक्कं बंद कर, असं मीच म्हटलं."

बायको वर बघत होती. ती जागा जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर येणार होती. तिने शिडी माझ्याकडे दिली आणि खाली गेली. मी मागून गेलो तेव्हा ती नाशिकला फोनवर बोलत होती. मला वाटलं होतं, ती सरकारी उशिराचं कारण सांगेल. तेही खोटं नव्हतं. पण ती म्हणाली, "आमच्या वायरिंगमध्ये चूक निघाली आहे, आणि ती आमच्याकडूनच झाली. दुरुस्ती होऊन तपासणी होईपर्यंत मी कोणाला वर झोपवणार नाही. तुम्ही दुसरीकडे सोय करा. मी दोन-तीन चांगल्या जागा सांगते." पलीकडचे गृहस्थ काहीतरी बोलले. ती म्हणाली, "हो, खाली आमचं राहतं घर आहे. जेवायला या की. पाहुणे म्हणून या."

गुरुजींनी वास्तुपुरुषाला त्याच कोपऱ्यात, पण भिंतीत, तिथल्या वाढायच्या ओट्याच्या वरच्या कोनाड्यात बसवलं. समोर टाइल लावली. मिस्त्रीने आधी भिंत ठोकून, माझा नकाशा बघून तिथून एकही वायर जात नाही याची खात्री केली. टाइल लावण्याआधी वडील तांब्याच्या डब्याला हात लावून काहीतरी पुटपुटले, आणि मग म्हणाले, "आता हलवू नका म्हणजे झालं."

जोड नवा केला. स्पीकरची वायर बीमच्या दुसऱ्या बाजूने नेली, एक फूट अंतर राखून. झाकण पुन्हा लावलं, यावेळी रंग न मारता. त्याच्या कडा ठळक दिसतात आणि खोलीत येणाऱ्याला त्या खटकतात. त्या तशाच ठेवायच्या असं बायकोने सांगितलं.

त्या सोमवारी नाशिकचे अकराजण आमच्याकडे खालीच जेवले. फ्रीगंजमधल्या एका लॉजवर उतरले होते. उपासाची मंडळी निम्मी, बाकीची निम्मी, त्यामुळे साबुदाणा आणि वरण-भात दोन्ही झालं. त्यांच्यातल्या दोन बायकांनी वरच्या खोल्या बघायला मागितल्या. बायकोने दाखवल्या आणि ते झाकणही दाखवलं. पुढच्या वर्षी ते येतील की नाही, मला माहीत नाही. ती म्हणते, येतील.

राखीनंतर साहेब परत आले. कोपऱ्यातलं झाकण स्वतः शिडीवर चढून उघडलं, आत टॉर्च फिरवली, खाली उतरून मेगर लावला. मी वही उघडून तयार होतो. पण ते आकडा सांगायच्या आधीच मागून बायकोने विचारलं, "कितना आया?" लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिने कुठल्या मीटरचा आकडा विचारल्याचं मला आठवत नाही.

"दो सौ के ऊपर," साहेब म्हणाले, आणि सही केली.

भाद्रपदात आमचे पहिले पाहुणे आले, अकोल्याचं एक म्हातारं जोडपं. सकाळी वडिलांनी माइक घेतला आणि खोली क्रमांक एकला चहा तयार असल्याची सूचना दिली. जेवणाच्या खोलीतला स्पीकर घरघरला नाही. बायको खालच्या पायरीजवळ उभी राहून वर ऐकत होती. पाहुण्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली यायला लागला तेव्हा ती चहा ओतायला स्वयंपाकघरात गेली.